ऑपरेशन झालेल्या पेशंटशी मैत्री म्हणजे नेमकं काय करायचं? (मिशन हॉस्पिटल, नागपूर)

रूथ_सदर

नमस्कार. आमच्या चर्चमधल्या आम्ही काही जणी इथल्या एका मिशन हॉस्पिटलच्या सर्जरी वॉर्डात स्वयंसेविका म्हणून जातो. ऑपरेशन झालेल्या आणि अजून बरेच दिवस वॉर्डात राहावं लागणाऱ्या पेशंटपैकी एकेक जण आम्ही वाटून घेतो, नेमानं त्यांच्याकडे जातो, बसतो, ओळख वाढवतो. औषधं, ड्रेसिंग, सलाइन, कशालाच हात लावायचा नाही. पाळकसाहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं, मित्र म्हणून जा.

माझ्याकडे सध्या वैनगंगेकाठच्या गावचे एक काका आहेत (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत). मासेमारी करतात. तंबाखूच्या खर्ऱ्यानं गालात कॅन्सर झाला, एका बाजूचा जबडा काढावा लागला. नाकात नळी, गळ्याला श्वासासाठी छिद्र, त्यामुळे बोलता येत नाही. शाळेत गेलेले नाहीत, म्हणजे लिहून बोलण्याची सोय नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. काकू स्टुलावर बसून असतात, त्याही मोजकंच बोलतात. मी गेले की काका डोळे मिटून घेतात.

अशा माणसाशी मैत्री सुरू कुठून करायची? आणि प्रार्थनेचं काय? मी ख्रिस्ती आहे, माझ्या श्रद्धेमुळेच मी तिथे जाते, हे लपवायचं कारण नाही. पण माझं ठाम मत आहे की पेशंटनं स्वतःहून म्हटल्याशिवाय त्याच्या उशाशी प्रार्थना करू नये. आमच्यातल्याच काही जणींना हे पटत नाही. आणि डिस्चार्ज झाल्यावर हे नातं वॉर्डाच्या दारातच सोडायचं का?

ज्यांनी असं काम केलंय, किंवा जे त्या पलंगावर होते, त्यांनी कृपया लिहा.

गोधनीकर

महत्त्वाचा विषय. वाचतोय.

स्टाफनर्स_विदर्भ

रूथताई, माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं सर्जरी वॉर्डात गेली. मैत्रीचं नंतर, आधी वॉर्डाचं सांगते.

हात धुऊन आत यायचं, हात धुऊनच बाहेर. सर्दी-खोकला, जुलाब, अंगावर पुरळ असलं काही असेल तर त्या दिवशी घरीच थांबा. पलंगावर बसू नका, स्टूल घ्या, आणि स्टूल ठेवण्याआधी लघवीची पिशवी नि ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) कुठे लटकतोय ते बघा. फोटो काढायचा नाही, चेहऱ्याचं ऑपरेशन झालेल्याचा तर अजिबात नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पेशंटनं पाणी मागितलं तर "सिस्टरला विचारून येते" एवढंच म्हणायचं. तोंडाच्या ऑपरेशनवाल्याला दयेपोटी दिलेलं घोटभर पाणीही श्वासनलिकेत उतरू शकतं, आणि मग न्यूमोनिया. नातेवाइकांच्या हातून हे होताना मी पाहिलंय.

तुमच्यासारख्यांमुळे आमचं एक काम मात्र फार हलकं होतं. ते तीन रंगीत गोळ्यांचं श्वासाचं यंत्र असतं ना, त्यात हवा आत ओढायची असते. निम्मे पेशंट फुंकर मारत बसतात, आणि गोळ्या उठत नाहीत म्हणून यंत्र उशाखाली सारतात. तुम्ही शेजारी बसून "काका, आत ओढा, अजून, धरा, सोडा" करत बसलात तर छातीत कफ साचत नाही. पोटाचं ऑपरेशन झालेल्याला खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरायची आठवण करायची. सिस्टरनी परवानगी दिली असेल तर पॅसेजमध्ये चालताना सोबत करायची. पेशंट पडून राहिला की पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते, म्हणून आम्ही लवकर उठवतो, आणि घरच्यांना वाटतं सिस्टर निर्दय आहे.

काकांचं म्हणाल तर डोळे मिटले म्हणजे तुम्ही नको आहात असं नाही. ज्याचं उत्तर हो किंवा नाही असेल असेच प्रश्न विचारा, अंगठा वर किंवा खाली. जाड कागदावर चित्रं काढून घ्या: दुखतंय, कफ काढा, लघवी, थंडी, बायकोला बोलवा. निघताना पुन्हा कधी येणार ते सांगा आणि त्या वेळेला हजर राहा. वॉर्डात पेशंटच्या हातात काहीच नसतं. राउंड कधी, सुई कधी, जेवण कधी, सगळं दुसरेच ठरवतात. सांगितल्या वेळेला येणारं एक माणूस असलं तर फार मोठा आधार वाटतो.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, आमच्या बाच्या आतड्याचं ऑपरेशन झालं तवा असाच एक मिशनवाला भाऊ येत जाय. बा म्हणजे लय तापट माणूस. दुसऱ्या दिवशीच म्हणे मले सावजी पाहिजे! डॉक्टर म्हणते आधी गॅस पास होऊ द्या, मंग चमचा चमचा पाणी. आता आमचा बा गावात पंच राहिलेला, त्याले सकाळ-संध्याकाळ जो येईल तो हेच विचारे, गॅस पास झाला का? सून विचारे, भाचा विचारे, व्याही फोनवर विचारे. बा मनातून लय शरमला होता.

त्या मिशनवाल्या भावानं एकदाही नाही विचारलं जी. तो बाले विचारे, औंदा तूर कशी आहे, संत्र्याचा आंबिया बहार फुटला का, बोंड अळी आली का. बा त्याच्याशी बोलत बोलत पॅसेजमधून दोन चकरा मारून आला, अन् तिसऱ्या चकरेले काम झालं! बानं तिथूनच आवाज दिला, पुरा वॉर्ड हसला, बाजूच्या पलंगावरच्या आजीनं तं टाळ्या वाजवल्या. बा अजूनही त्या भावाची आठवण काढते.

धरमपेठी

स्पष्ट विचारतो, राग मानू नका. माणूस भूल उतरून पडलाय, दुखतंय, घाबरलाय, खिशात पैसे नाहीत. अशा वेळी एका धर्माची माणसं प्रेमानं जवळ येतात. ती माणसं वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण अशक्त माणसाला जवळ करणं आणि त्याला आपल्याकडे ओढणं यातली रेघ कोण आखणार? आमच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंना एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) औषधाच्या वेळी रोज प्रार्थना म्हणायला लावत. त्या म्हणायच्या, कारण नाही म्हटलं तर सिस्टर रागावेल अशी भीती. घरी आल्यावर त्यांनी हे सांगितलं आणि रडल्या.

रूथताईंचं मत मला पटलं. पण ते एकट्या रूथताईंचं असून भागणार नाही.

मोहननगर_ग्रेस

मीही असंच काम करते आणि रूथपेक्षा वेगळं मत मांडते. मी पेशंटला एकदा विचारते, "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" नाही म्हणाले तर पुन्हा विषय काढत नाही. विचारणं म्हणजे जबरदस्ती नव्हे. उलट गळ्यात क्रॉस आणि तोंडावर मौन, याच्यानंच संशय वाढतो. कितीतरी हिंदू, मुसलमान आयाबायांनी मला स्वतःहून म्हटलंय, ताई, माझ्या लेकरासाठी सांगा तुमच्या देवाला. माणूस संकटात असताना मी माझ्याजवळचं सगळ्यात मोलाचं त्याच्यापुढे धरायचंच नाही, हे माझ्या मनाला पटत नाही.

धरमपेठी, तुमच्या आजींच्या बाबतीत झालं ते चूकच. त्यात समर्थन करण्यासारखं काही नाही.

भूलतज्ज्ञ_अमरावती

ग्रेसताई, तुमच्या मनाचा खरेपणा कळतो. पण पेशंटच्या बाजूनं बघा. तो हॉस्पिटलचा गाऊन घालून आडवा आहे, हाताला सलाइन आहे, उठून जाता येत नाही. त्याच्या लेखी तुम्ही हॉस्पिटलच्याच. स्वयंसेविका आणि स्टाफ हा फरक त्याला माहीत नसतो. "नाही" म्हटलं तर उद्याच्या ड्रेसिंगला हात जड पडेल का, बिलात सूट मिळेल का, हे सगळं त्याच्या डोक्यात येतं. त्यामुळे तुमचा प्रश्न कितीही मऊ असला तरी त्याचं "हो" मोकळं असेलच असं नाही. रूथताईंचा मार्ग मला जास्त सुरक्षित वाटतो.

दुसरं, वयस्कर पेशंटबद्दल एक गोष्ट सगळ्या स्वयंसेवकांना माहीत हवी. मोठ्या ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत म्हाताऱ्या माणसांना भ्रम होऊ शकतो. भलतंच बोलतात, आपण शेतात आहोत म्हणतात, सलाइन उपटतात, बहुधा रात्री वाढतं. घरचे घाबरतात, "डोक्यावर परिणाम झाला" म्हणतात. बहुतेकांचं हे काही दिवसांत ओसरतं, पण दिसलं की लगेच सिस्टरना सांगायचं, कारण मागे जंतुसंसर्ग, ऑक्सिजनची कमतरता, एखादं औषध असं कारण असू शकतं. यात तुम्ही खूप करू शकता. चष्मा आणि कानाचं मशीन लावलेलं आहे ना ते बघा. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, बाहेर ऊन आहे की पाऊस, हे बोलता बोलता सांगत राहा. वाद घालू नका. दिवसा जागं ठेवा म्हणजे रात्री झोप लागेल.

इतिहासप्रेमी_बर्डी

थोडं अवांतर. नागपूरला हे काम नवं नाही. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली इथे आले, १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नाल्याच्या पुरात बुडून गेले, त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून आहे. सीताबर्डीचं म्युर मेमोरियल हॉस्पिटल त्याच स्कॉटिश मिशनचं, ते बायकांसाठी सुरू झालं, कारण पुरुष डॉक्टरकडे बायकांना नेतच नसत. इकडे मिरजेला डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली हॉस्पिटल काढलं. आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच झाली, हे आपल्याच शहरात कितीतरी जणांना ठाऊक नाही.

अचलपूरची_लेक

इतिहास निघालाच आहे तर लिहिते. माझे वडील कुष्ठरुग्णांच्या एका मिशन दवाखान्यात फिजिओथेरपी करायचे. पॉल ब्रँड नावाचे सर्जन १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठरोगात नसा मेल्यामुळे बोटं वाकडी होतात. हाताचा एखादा धडधाकट स्नायू आणि त्याची दोरी वळवून लुळ्या बोटांना जोडायची, हे ऑपरेशन त्यांनी कुष्ठरुग्णांसाठी बसवलं. पुढे मिशनच्या अनेक दवाखान्यांत ते होऊ लागलं.

पण ऑपरेशन म्हणजे निम्मंच काम. प्लास्टर काढल्यावर पेशंटला बोट नव्यानं हलवायला शिकावं लागतं, कारण तो स्नायू आधी वेगळंच काम करत असतो. बाबा तासन् तास समोर बसायचे. "हो, हेच. परत." शिवाय ब्रँड यांच्या लक्षात आलं की हात सरळ झालेल्या माणसाला आता कोणी भीक घालत नाही, आणि धंदा तर हातात नाही. मग वेल्लोरला त्यांनी पेशंटसाठी एक वसाहत काढली, तिथे सुतारकाम शिकवू लागले.

आमच्या घरी दिवाळीला, नाताळला जुने पेशंट जेवायला असायचे. आईनं त्यांच्यासाठी वेगळं ताट कधी ठेवलं नाही. त्या काळात गावात याचा बोभाटा झाला होता. मैत्री कशाला म्हणायचं हे मी त्या पंगतीत शिकले.

खर्रा_सोडलेला

रूथताई, मी त्या काकांच्या जागी होतो. उजवा जबडा, मानेतल्या गाठी, छातीचं मांस घेऊन गाल बांधला. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

ऑपरेशननंतर भेटायला पुष्कळ लोक आले. मला ऐकू येत होतं, पण सगळे माझ्या भावाशी बोलत, माझ्या अंगावरून. सफरचंद, चिकू घेऊन येत, आणि मी नाकातल्या नळीनं जेवत होतो. आणि प्रत्येक जण एकदा तरी म्हणे, "खर्रा खायला कोणी सांगितलं होतं?" राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी चौकाचौकात सुपारी-तंबाखू-चुना पन्नीत घोटून मिळतो. मी कळायला लागल्यापासून खात होतो. माझं चुकलं हे मला त्या पलंगावर कळत नव्हतं काय?

एक माणूस मात्र वेगळा होता. चर्चकडून येत असे. आला की पेपर उघडायचा आणि मला बोटानं दाखवायला लावायचा, कोणती बातमी वाचू. मी कापसाचा भाव दाखवायचो, नाहीतर क्रिकेट. तो मोठ्यानं वाचायचा, आजूबाजूचे पलंगही ऐकायचे. माझ्याकडे बघून बोलायचा. हे सोपं नाही, ताई. लोक गालाकडे टक लावतात, नाहीतर गाल टाळायला म्हणून छताकडे बघतात. तो डोळ्यांत बघायचा.

मी मोटर वाइंडिंगचं काम करतो. त्याला हे कळल्यावर एके दिवशी तो घरच्या कूलरचा पंप फिरत नाही म्हणून विचारू लागला. मी पाटीवर लिहिलं, "घरघर आवाज येतो की अगदी शांत?" तो म्हणाला घरघर. मी लिहिलं, "पातं अडकलं असेल, क्षार साचले, जाळी काढून साफ करा, वाइंडिंग ठीक आहे." दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं सांगितलं, चालू झाला. मे महिना होता, नागपूरचा मे. ऑपरेशनपासून जो तो मला काहीतरी देत होता, सुई, नळीतलं जेवण, धीर. त्यानं माझ्याकडून काहीतरी घेतलं. त्या रात्री मी आपणहून आइस्क्रीमच्या काड्यांचा व्यायाम केला. (तोंड आखडू नये म्हणून दातांमध्ये एकावर एक काड्या सरकवत जायच्या असतात, फार दुखतं, तोवर मी टाळत होतो.)

आता प्रार्थना. त्यानं मला कधी विचारलं नाही. मी बौद्ध आहे, देव मानत नाही, आजही मानत नाही. रेडिएशन सुरू होणार होतं त्याच्या आदल्या संध्याकाळी मला फार भीती वाटली. मीच पाटीवर लिहिलं, "तुम्ही जे करता ते माझ्यासाठी करा." त्यानं माझा हात हातात घेतला आणि साध्या मराठीत दोन-तीन वाक्यं म्हटली. माझ्या घरच्यांची नावं घेतली. संपलं. नंतर त्यानं तो विषय काढला नाही, मीही नाही. तो अजून माझा दोस्त आहे.

काकांना काय येतं ते शोधा, आणि ते त्यांच्याकडून शिका.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यायले वाचून दाखवला. माझा मोठा पोरगा खर्रा खाते. तो उठून बाहेर गेला, पण पूर्ण ऐकून गेला.

मोहननगर_ग्रेस

खर्रा_सोडलेला, तुमचं वाचून मी बराच वेळ विचार करत होते. विचारायचंच नाही इतकं टोकाचं मत माझं अजूनही नाही. पण डॉक्टरांचा मुद्दा मान्य: पेशंटला "नाही" म्हणायला जागा पाहिजे. यापुढे ओळख करून देतानाच सांगीन की मी हॉस्पिटलची नोकर नाही, तुमच्या उपचाराशी माझा संबंध नाही, मी नको असेन तर सिस्टरना सांगा, मला वाईट वाटणार नाही.

धरमपेठी

ग्रेसताई, हे वाक्य प्रत्येक स्वयंसेवकानं पहिल्या भेटीतच म्हणावं असा नियम झाला तर माझी निम्मी तक्रार मिटली. नातेवाइकांसमोर म्हणा, म्हणजे घरच्यांनाही कळेल. खर्रा_सोडलेला यांच्या त्या मित्राला माझा नमस्कार सांगा.

जहाजवाली

मी मूळची मनीषनगरची. मर्सी शिप्स ही ख्रिस्ती संस्था १९७८ पासून जहाजांवर हॉस्पिटलं चालवते. त्यांच्या 'ग्लोबल मर्सी' जहाजावर मी फ्रीटाउनला, म्हणजे आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये, स्वयंपाकघरात स्वयंसेवक होते. जहाजावर सहा ऑपरेशन थिएटरं आहेत. डॉक्टरांपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळे आपापल्या खर्चानं येतात. ज्यांचा वॉर्डाशी संबंध नाही असे, म्हणजे स्वयंपाकी, इलेक्ट्रिशियन, शिक्षक, यांनाही एखाद्या पेशंटचा मित्र होता येतं. रूथताई करतात तेच.

तिथले पेशंट चेहऱ्यावर भोपळ्याएवढी गाठ घेऊन वर्षानुवर्षं जगलेले असतात, लोकांनी वाळीत टाकलेले. माझ्याकडे पाय वाकडे असलेली एक मुलगी होती, दोन्ही पाय सरळ करून प्लास्टरमध्ये. भाषेचा पत्ता नव्हता. आम्ही पत्ते खेळलो, नखं रंगवली, दोऱ्याची मनगटातली कडी विणली. ती पत्त्यात लबाडी करायची आणि पकडली गेली की इतकी हसायची की शेजारच्या पलंगावरची पोरंही सामील व्हायची.

अडलेल्या बाळंतपणात इजा होऊन सतत लघवी गळत राहणाऱ्या बायकाही तिथे येत. नवऱ्यानं टाकलेल्या, वासामुळे घराबाहेर काढलेल्या. ऑपरेशन यशस्वी झालं की त्यांना नवा झगा आणि डोक्याला कापड देतात, सगळा वॉर्ड गाणी म्हणतो, आणि प्रत्येक बाई उभी राहून आपली हकीकत सांगते. पहिल्यांदा मला वाटलं होतं आपण टाळ्या वाजवायला आलोय. पण त्या बायकांनी आम्हाला हात धरून नाचायला ओढलं. खर्रा_सोडलेला म्हणतात ते अगदी खरं आहे, पेशंटला यजमान होऊ द्यावं.

बालाघाटवाला

मेरा मराठी थोडा कच्चा है, बायको मराठी, तिच्याकडून लिहून घेतोय. नागपूरला आमच्याकडचे, छिंदवाडा-शिवनीचे, गोंदिया-गडचिरोलीचे, सगळे येतात. मी माझ्या सासऱ्यांसोबत एका हॉस्पिटलात राहिलो. पेशंटकडे बघायला निदान डॉक्टर असतो. सोबतच्याला कोणी विचारत नाही. रात्री फरशीवर झोपायचं, मोबाइल चार्ज कुठे करायचा माहीत नाही, अंघोळ कुठे, स्वस्त जेवण कुठे, महात्मा फुले योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधारवर नाव जुळत नाही म्हणून या खिडकीतून त्या खिडकीत. एक बाई आम्हाला आरोग्यमित्राच्या (हॉस्पिटलात त्या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या) टेबलापर्यंत सोबत घेऊन गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या. मी चहा प्यायला जाऊन येईपर्यंत सासऱ्यांजवळ बसल्या. त्यांचं नावही विचारायचं राहिलं.

रूथजी, काकूंना विचारा त्या शेवटच्या कधी नीट जेवल्या.

रूथ_सदर

सगळ्यांचे मनापासून आभार. बालाघाटवाला, तुमचं वाचून दुसऱ्या दिवशी काकूंना म्हटलं, तुम्ही अंघोळ करून, जेवून या, मी इथेच आहे. त्या बऱ्याच वेळानं आल्या. केस धुतलेले होते. आल्यावर बोलायला लागल्या, आणि मग काकांबद्दल सगळं कळलं. त्यांच्या गावात जाळी तेच विणतात, दुसऱ्या गावची माणसंसुद्धा फाटलेली जाळी घेऊन त्यांच्याकडे येतात.

सिस्टरना विचारून मी नायलॉनचा दोरा नेला. काकूंनी गावाहून आलेल्या भाच्याकडून जाळं विणायची बांबूची सुई मागवली होती, ती पुसून-बिसून सिस्टरना दाखवून घेतली. मी काकांसमोर स्टूल ठेवलं आणि मला येईल तशी गाठ मारू लागले. त्यांनी डोळे मिटले नाहीत. थोडा वेळ बघितलं, मग सलाइन नसलेल्या हातानं माझ्याकडून दोरा घेतला, गाठ सोडली आणि हळूहळू करून दाखवली. दोरा करंगळीवरून घ्यायचा, सुई खालून, अंगठ्यानं दाबून ओढायची. माझी गाठ सरकत होती. त्यांनी अंगठा खाली केला. परत. परत खाली. चौथी का पाचवी गाठ बसली तेव्हा अंगठा वर केला. काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या.

आता मी गेले की ते भिंतीकडून वळतात. प्रार्थनेचा विषय निघालेला नाही, आणि मी काढणार नाही. घरी रोज त्यांचं नाव घेते.

माझा शेवटचा प्रश्न अजून राहिलाच आहे. काकांचे टाके निघालेत, लवकरच घरी सोडतील. पुढे काय?

खर्रा_सोडलेला

सर्वात आधी, रेडिएशन सांगितलं असेल तर ते चुकू देऊ नका. साधारण ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं म्हणतात. घरी गेल्यावर जखम भरलेली दिसते, गावातले म्हणतात आता कशाला जातोस, आणि माणूस येत नाही. वॉर्डातले माझ्या ओळखीचे दोघं असेच घरी राहिले. काकांना बोलता येणार नाही, म्हणून फोन काकूंच्या किंवा भाच्याच्या नंबरवर करा. "तारीख लक्षात आहे ना" एवढंच विचारा. मित्राचा फोन आला की माणूस येतो. हॉस्पिटलच्या फोनला तितकं वजन नसतं.

स्टाफनर्स_विदर्भ

सहमत. सुट्टी व्हायच्या आधी काकूंना नळीतून जेवण द्यायला, गळ्याची नळी असेल तर ती साफ करायला आम्ही शिकवतो. त्या वेळी तुम्ही तिथे थांबा, म्हणजे नंतर त्यांना आठवलं नाही तर तुम्ही आमच्याकडे विचारून सांगू शकाल. स्वतःच्या अंदाजानं काही सांगू नका. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला भाड्यात सवलत असते, त्याचा फॉर्म हॉस्पिटलातूनच भरून मिळतो, तो सुट्टीच्या दिवशीच घ्या. पैशाची मदत मात्र स्वतःच्या हातानं देऊ नका, समाजसेवा विभागातून होऊ द्या. एकाला दिले की शेजारच्या पलंगाचं मन दुखतं, आणि मैत्रीत देणं-घेणं शिरतं.

धरमपेठी

गावी भेटायला जायचं झालं तर आधी त्यांना विचारून जा, आणि एकट्यानं किंवा घरच्या कुणासोबत जा, मंडळाची गाडी भरून नको. गावात लगेच चर्चा होते आणि त्रास काकांना होतो. बाकी जरूर जा. जाळं विणून झालं का, ते बघायला जा.

भूलतज्ज्ञ_अमरावती

आणि काकूंना खर्ऱ्याबद्दल विचारा. घरात एक जण खातो तिथे बहुधा दुसरंही कोणी खात असतं. तोंडात न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर काकांच्या पुढच्या तपासणीलाच त्यांनाही दाखवून घ्या. भाच्यालाही सोबत आणा.

रूथ_सदर

भाचा खातो. खिशात पन्नी मी पाहिली आहे. त्याला पुढच्या तारखेला सोबत आणायचं काकूंनी कबूल केलंय. फॉर्मचं उद्याच बघते.